चाळीस हजार वस्तीचं गाव आणि युरोपचा बास्केटबॉल

मार्च १९८३. फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहरात युरोपियन चॅम्पियन्स कपचा, म्हणजे युरोपातल्या क्लब बास्केटबॉलच्या सर्वांत मोठ्या चषकाचा अंतिम सामना. एका बाजूला मिलान, इटलीची आर्थिक राजधानी. दुसऱ्या बाजूला कांतू. मिलानच्या उत्तरेला तासाभराच्या आतलं हे गाव फर्निचरसाठी आणि हातविणीच्या लेससाठी ओळखलं जातं. वस्ती चाळीस हजारांच्या आगेमागे, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी. सामना कांतूने जिंकला, ६९-६८. आदल्याच वर्षी कोलोनला मक्काबी तेल अवीवला ८६-८० असं हरवून त्यांनी हाच चषक नेला होता, म्हणजे हे लागोपाठ दुसरं विजेतेपद.

आज कांतूने इटलीची लीग जिंकली तरी युरोपच्या त्या सर्वोच्च स्पर्धेत जागा मिळेलच असं नाही. गाव तेच आहे, खेळाचं वेडही तेच आहे. मधल्या काळात बदलली ती आत शिरायची पद्धत. युरोपातल्या बास्केटबॉलचा कारभार बाहेरून बघणाऱ्याला चक्रावून टाकतो, त्यामुळे जरा मुळापासून बघू.

लहान गावाला हा खेळ परवडतो कसा

फुटबॉलच्या संघाला पंचवीसेक खेळाडू लागतात. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच आणि सामन्याच्या यादीत बारा. त्यातले सात-आठ जण खरे वापरात असतात. दोन उत्तम अमेरिकन खेळाडू आणि त्यांच्या जोडीला तीन-चार चांगले स्थानिक मिळाले की संघ उभा राहतो. स्टेडियम बांधायची गरज नाही, चार-पाच हजार माणसं बसतील असा बंदिस्त हॉल पुरतो. आणि युरोपात बास्केटबॉलची अशी गावं शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते: तिथे मोठा फुटबॉल क्लब नाही. गावातला पैसा, अभिमान आणि रविवारची संध्याकाळ, तिन्ही बास्केटबॉलच्या वाट्याला येतं.

फ्रान्सच्या नैऋत्येला ओर्तेज नावाचं गाव आहे, जेमतेम दहा हजार वस्तीचं. त्यांचा संघ ला मूतेत नावाच्या बाजाराच्या इमारतीत खेळायचा. एरवी बाजार, सामन्याच्या दिवशी बास्केटबॉलचं मैदान. याच संघाने १९८४ मध्ये बेलग्रेडच्या त्सर्व्हेना झ्वेझ्दाला हरवून कोराच कप हा युरोपातलाच दुसरा एक चषक जिंकला आणि १९८६, १९८७ ला फ्रान्सचं विजेतेपद मिळवलं. मग व्हायचं तेच झालं. संघ मोठा झाला, बाजाराची जागा अपुरी पडू लागली आणि १९८९ मध्ये क्लबने आपलं बिऱ्हाड शेजारच्या पो शहरात हलवलं. क्लबच्या नावात ओर्तेज राहिलं, सामने मात्र गेले. लहान गावाच्या क्लबला यशाची ही किंमत अनेकदा मोजावी लागते.

कांतूने ती बराच काळ टाळली. १९३६ साली स्थापन झालेल्या या क्लबच्या सोन्याच्या दिवसांत अध्यक्ष होते आल्दो अल्लिएव्ही नावाचे उद्योजक. खेळाडू आसपासचेच. कर्णधार पियेर्लुईजी मार्झोराती शेजारच्या फिजिनो सेरेन्झा गावचा. खेळता खेळता तो इंजिनियर झाला, म्हणून लोक त्याला ‘उडता इंजिनियर’ म्हणायचे. आख्खी कारकीर्द त्याने कांतूत काढली आणि १९९१ मध्ये निवृत्त झाला. पुढे २००६ मध्ये क्लबला सत्तर वर्षं झाली तेव्हा ५४ वर्षांचा हा गृहस्थ जर्सी चढवून लीगच्या खऱ्याखुऱ्या सामन्यात थोडा वेळ मैदानात उतरला. इतक्या दशकांत पसरलेली कारकीर्द कुठल्याच मोठ्या लीगमध्ये सहसा सापडणार नाही. दुसरा खेळाडू आंतोनेल्लो रीवा, कांतूच्याच मुशीत घडलेला आणि पुढे इटलीच्या लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा.

एकूण हिशेब असा: इटलीची तीन विजेतेपदं (१९६८, १९७५, १९८१), दोन चॅम्पियन्स कप, चार कोराच कप, चार कप विनर्स कप (या दोन्ही युरोपातल्याच स्पर्धा, त्यांच्याविषयी पुढे). म्हणजे देशापेक्षा युरोपात जास्त. जुन्या नोंदी चाळताना नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण एका वर्षी हा संघ ओरान्सोदा आहे, मग फोर्स्ट, मग गाबेत्ती, स्क्विब, फोर्ड. शीतपेय, बिअर, घरांची दलाली, औषधं, मोटारी: ज्याने पैसे दिले त्याचं नाव संघाला. इटलीत ही रीतच आहे. १९८२ चा विजेता स्क्विब कांतू आणि १९८३ चा फोर्ड कांतू, क्लब मात्र एकच.

तेव्हाचं दार आणि आत्ताचं दार

युरोपियन चॅम्पियन्स कप १९५८ मध्ये सुरू झाला, आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या म्हणजे फिबाच्या देखरेखीखाली. नियम साधा होता: आपल्या देशात जिंका, पुढच्या वर्षी युरोपात खेळा. त्याशिवाय गतविजेत्यालाही जागा. कांतूने १९८१ ची इटालियन लीग जिंकली म्हणून ते १९८२ च्या चषकात खेळले. तो चषक जिंकला म्हणून १९८३ मध्ये गतविजेते म्हणून परत आत आले. १९८२ ची लीग मिलानने जिंकली होती, म्हणून तेही आत. एकाच प्रांतातले दोन शेजारी अंतिम सामन्यासाठी परदेशात गेले ते असे. चॅम्पियन्स कपमध्ये जागा न मिळालेल्यांसाठी राष्ट्रीय चषक जिंकणाऱ्यांचा कप विनर्स कप होता आणि लीगमध्ये वरच्या क्रमांकावर येणाऱ्यांचा कोराच कप. कोराच हे युगोस्लाव्हियाच्या राडिव्होय कोराचचं नाव, १९६९ मध्ये मोटार अपघातात गेलेल्या गुणी खेळाडूचं.

हे गणित सन २००० मध्ये मोडलं. मोठ्या क्लबांचं म्हणणं होतं की प्रेक्षक आम्ही आणतो, टीव्हीचा पैसा आमच्यामुळे येतो, मग स्पर्धा फिबाची का? त्यांनी स्वतःची स्पर्धा काढली आणि तिला नाव दिलं युरोलीग. गंमत म्हणजे फिबा हेच नाव आधीपासून वापरत होती, पण त्याची कायदेशीर नोंदणी करायची राहून गेली होती. नाव हातचं गेलं. २००१ मध्ये युरोपला दोन विजेते मिळाले: युरोलीगमध्ये बोलोन्याचा संघ आणि फिबाच्या स्पर्धेत मक्काबी तेल अवीव. नंतर दोन्ही प्रवाह एक झाले, पण किल्ल्या क्लबांच्या कंपनीकडेच राहिल्या. कोराच कप आणि कप विनर्स कपची परंपरा २००२ मध्ये संपली.

आज वरून खाली असं चित्र आहे. सर्वांत वर युरोलीग. तिच्याच मालकांची दुसरी स्पर्धा युरोकप. फिबाने २०१६ मध्ये देशोदेशींच्या लीगना भागीदार करून घेऊन काढलेली बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग साधारण युरोकपच्या तोडीची. आणि त्याखाली फिबाचीच युरोप कप. फुटबॉलवाला माणूस ‘चॅम्पियन्स लीग’ ऐकून ही सर्वांत वरची समजतो, तेवढं लक्षात ठेवा.

खरी मेख युरोलीगच्या प्रवेशात आहे. रेआल माद्रिद, बार्सिलोना, ऑलिम्पियाकोस, पानाथिनाइकोस, फेनरबाहचे, झाल्गिरिस, मिलान अशा डझनभर क्लबांकडे दीर्घ मुदतीचा परवाना आहे. त्यांनी आपल्या देशात सातवा नंबर काढला तरी पुढच्या वर्षी ते युरोलीगमध्ये असतात. उरलेल्या जागांपैकी काही निमंत्रणाने भरतात आणि मैदानावर कमावता येणारी वाट म्हणजे युरोकप जिंकणं. आयपीएल बघणाऱ्याला यात वावगं वाटणार नाही, तिथेही तळाला गेलेला संघ पुढच्या वर्षी असतोच. फरक एवढाच की आयपीएल पहिल्या दिवसापासून तशीच आहे. युरोपात मात्र सगळा खेळ बढती आणि घसरणीवर उभा आहे: इटलीच्या पहिल्या श्रेणीत तळाला गेलात तर दुसऱ्या श्रेणीत जाता. त्या शिडीची फक्त सर्वांत वरची पायरी कुलपात ठेवली आहे.

२०२४ चं उदाहरण बघा. पूर्व फ्रान्समधलं बूर-कां-ब्रेस कांतूएवढंच, चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचं. त्यांच्या एकिनॉक्स हॉलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास माणसं बसतात. हा संघ युरोकपच्या अंतिम फेरीत पोचला. समोर पॅरिस. पॅरिसने दोन सामन्यांतच निकाल लावला आणि त्यांना युरोलीगची जागा मिळाली. अंतिम फेरीपर्यंत येऊन बूर-कां-ब्रेसला मिळालं ते उपविजेतेपद, आणि पुढचा मोसम पुन्हा युरोकपमध्येच. जिंकले असते तर साडेतीन हजारांच्या हॉलचं काय करायचं हा प्रश्न होताच, कारण युरोलीग हॉलच्या आकारालाही अटी लावते.

ही हॉलची अट कांतूनेही भोगली आहे. २०११ मध्ये इटलीच्या लीगची अंतिम फेरी गाठून त्यांनी युरोलीगमध्ये पाऊल ठेवलं. त्यांचा हॉल पियानेला, शेजारच्या कुच्चागोत. छप्पर ठेंगणं, प्रेक्षक अगदी अंगावर, चार हजारांच्या आत क्षमता. पाहुण्या संघाला नको नको व्हायचं तिथे. पण युरोलीगच्या मापात तो बसत नव्हता. म्हणून युरोलीगचे ‘घरचे’ सामने वीसेक किलोमीटरवरच्या देझियोत. तरीही त्या मोसमात कांतूने शेवटच्या सोळांत धडक मारली. पियानेलात खेळायला मिळालं असतं तर आणखी एक-दोन सामने निघाले असते असं मला वाटतं, पण ते सिद्ध कसं करणार?

२०२५-२६ मध्ये युरोलीगमध्ये वीस संघ झाले आणि त्यांत एक दुबईचा आहे, २०२३ मध्ये जन्मलेला. म्हणजे दुबईत नोकरीला असलेल्या मराठी माणसाला युरोलीग घराजवळ बघता येते. कांतूच्या माणसाने त्यासाठी मिलान गाठायचं आणि ज्या संघाला आपण ग्रेनोब्लमध्ये हरवलं त्याचाच सामना तिकीट काढून बघायचा.

एका आठवड्याचं गणित

लहान क्लबला युरोपात खेळणं म्हणजे नेमकं काय, हे वेळापत्रकावरून कळतं. इटलीच्या लीगमध्ये सोळा संघ, म्हणजे प्रत्येकाचे तीस सामने, बहुतेक शनिवार-रविवारी. युरोपचे सामने मधल्या वारी. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात चार-चार संघांचे गट असतात, त्यामुळे सहा सामन्यांची खात्री. युरोकपमध्ये दहा-दहाचे दोन गट, म्हणून अठरा. युरोलीगमध्ये वीस संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, म्हणजे अडतीस.

समजा रविवारी संध्याकाळी घरच्या मैदानावर सामना संपला. सोमवारी सकाळी विमानतळ. लहान गावाजवळून थेट विमान क्वचितच असतं, म्हणजे मध्ये एकदा विमान बदलायचं. दोन मीटर दहा सेंटिमीटर उंचीचा माणूस साध्या वर्गाच्या सीटमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेला. मंगळवारी परक्या हॉलमध्ये तासभर सराव, बुधवारी रात्री सामना, गुरुवारी परत तीच वाट. शुक्रवारी सगळे हजर असा पहिला आणि शेवटचा सराव, आणि शनिवारी पुन्हा लीगचा सामना. मोठा क्लब यासाठी स्वतंत्र विमान घेतो आणि पंधरा-सोळा खेळाडू ठेवतो, म्हणजे आलटून पालटून विश्रांती देता येते. लहान क्लबकडे नऊ-दहा कामाचे खेळाडू. जानेवारीपर्यंत त्यांतल्या दोघांचे घोटे सुजलेले असतात, आणि नेमक्या तेव्हाच लीगमधली घसरणीची लढाई रंगात येते. युरोपची हौस महागात पडून संघ खालच्या श्रेणीत गेला, अशी धास्ती प्रत्येक लहान क्लबच्या व्यवस्थापकाला असते. काही क्लब जागा मिळूनही नम्रपणे नकार देतात ते त्यामुळेच. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही.

याच स्पर्धांमधली एक गोष्ट टीव्हीवर पहिल्यांदा बघताना विचित्र वाटते. युरोप कपच्या बाद फेऱ्यांत दोन सामने असतात, एक घरी, एक बाहेर, आणि दोन्हींचे गुण एकत्र धरतात. घरी सहा गुणांनी जिंकलात तर बाहेर पाचने हरूनही तुम्ही पुढे. त्यामुळे शेवटच्या वीस सेकंदांत चार गुणांनी मागे असलेला संघ बास्केटकडे न जाता शांतपणे चेंडू घोळवत बसतो आणि शिट्टी वाजल्यावर हरलेलेच उड्या मारतात. गटातही बरोबरी झाली तर आपसातल्या सामन्यांचा गुणफरक बघतात, म्हणून निकाल लागलेल्या सामन्यातही शेवटच्या टोल्यासाठी जीव काढतात. कांतूने १९९१ चा कोराच कप रेआल माद्रिदविरुद्ध असाच दोन सामन्यांत जिंकला. मार्झोरातीचा तो शेवटचा मोसम.

पैसा येतो कुठून, जातो कुठे

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या फुटबॉलपटूच्या खटल्यात निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला दमडी देणं लागत नाही, आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवर ‘परदेशी’ म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. निकाल फुटबॉलचा, पण लागू सगळ्या धंदेवाईक खेळांना. खेळाडूच्या दृष्टीने तो न्यायच होता, यात शंका नाही. पण लहान गावाचं भांडवलच गेलं. कांतूने १९८९ मध्ये रीवाला मिलानकडे दिलं तेव्हा बदल्यात मोठी रक्कम आली होती. मुलाला बारा-तेराव्या वर्षी हेरायचं, दहा वर्षं घडवायचं आणि एक दिवस विकून पुढची पाच वर्षं क्लब चालवायचा, हा धंदा निकालानंतर निम्मा उरला. आता विकायचं तर करार चालू असतानाच.

म्हणून आजचा हुशार लहान क्लब युरोपकडे दुकानाची दर्शनी काच म्हणून बघतो. कॅटलोनियातलं मान्रेसा पाऊण लाखाच्या वस्तीचं गाव. २०२१-२२ मध्ये हा संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोचला आणि बिल्बाओत तेनेरिफेकडून हरला. पण त्यांचा चिमा मोनेके स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकेतल्या बड्या लीगच्या सॅक्रामेंटो किंग्जने त्याला उचललं. पश्चिम फ्रान्समधल्या शोलेची शाळा तर याहून जुनी: रूदी गोबेर तिथे पोरवयात आला आणि २०१३ मध्ये तिथूनच एनबीएत गेला. अशा खेळाडूला करारातून सोडवताना क्लबला रक्कम मिळते, मात्र एनबीएचा संघ त्यात ठरावीक मर्यादेपर्यंतच भर घालू शकतो, बाकीची खेळाडूच्या खिशातून. म्हणजे ‘आमचा पोरगा एनबीएत गेला’ म्हणून क्लब रातोरात श्रीमंत होतो, हा गैरसमज.

बाकी उत्पन्न म्हणजे तिकिटं, प्रायोजक आणि फ्रान्समध्ये नगरपालिका. तिथे हॉल बहुधा पालिकेचाच असतो आणि वर अनुदानही मिळतं, त्यामुळे क्लबचा पाया जरा घट्ट. इटलीत आणि जर्मनीत एखाद्या उद्योगपतीवर भिस्त. जर्मनीतल्या पाऊण लाख वस्तीच्या बाम्बेर्गने मोटारीचे भाग बनवणाऱ्या ब्रोझे कंपनीच्या बळावर मोठी झेप घेतली: २००५ ते २०१७ दरम्यान देशाची नऊ विजेतेपदं आणि युरोलीगमध्ये अनेक मोसम. त्यानंतरच्या मोसमांत लीगची विजेतेपदं म्युनिक, बर्लिन, उल्मकडे गेली.

कांतूच्या वाट्याला याची कडू बाजू आली. २०१५ मध्ये एका रशियन उद्योजकाने क्लब विकत घेतला, मोठमोठे बेत सांगितले, पियानेलाची दुरुस्ती काढली. संघ २०१६ मध्ये देझियोला हलला, दुरुस्ती रखडली ती रखडलीच. २०१९ मध्ये मालकाने हात काढून घेतला तेव्हा गावातले उद्योजक आणि चाहते यांनी मिळून क्लब सावरला. तरी २०२१ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि पहिल्या श्रेणीत परत यायला २०२५ उजाडलं. कांतूत नवा हॉल उभा राहतोय. मालक बदलतात, प्रायोजक बदलतात, पण स्वतःचा हॉल नसेल तर तिकिटाचा पैसाही धड आपला नसतो, हे त्यांनी नऊ वर्षांत पुरेपूर अनुभवलं आहे.

आता आणखी एक खेळाडू मैदानात येऊ पाहतोय. मार्च २०२५ मध्ये एनबीए आणि फिबा यांनी मिळून युरोपात नवी लीग काढण्याचा विचार जाहीर केला. साधारण सोळा संघ, त्यांतले बारा कायमचे आणि चार जागा दरवर्षी मैदानावर कमावण्यासाठी खुल्या, असा आराखडा मांडला गेला. कायमचे बारा कुठले असतील याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको: बडी शहरं, बडे फुटबॉल क्लब, बडे हॉल. लहान गावांचं लक्ष त्या उरलेल्या चार जागांकडे आहे. त्यांतली एक चॅम्पियन्स लीगच्या विजेत्याला देण्याची कल्पना आहे. ती कागदावरून प्रत्यक्षात आली, तर मान्रेसासारख्या संघाला एका चांगल्या मोसमाच्या जोरावर रेआल माद्रिदच्या पंगतीला बसता येईल. चारच्या दोन झाल्या किंवा ‘हॉल किमान इतक्या हजारांचा’ अशी ओळ खाली बारीक अक्षरांत घुसली, तर मात्र युरोकप आणि युरोप कप हेच त्यांचं छत.